अर्धा टँकर पाणी आणि तीन आठवडे उघडा चर
अनुदानित पाणी योजनेतल्या संवादाचं एक प्रकरण

शुक्रवार, १२ एप्रिल २०२४. सकाळचे साडेसात वाजले असतील. जुन्या पेठेतल्या एका गल्लीच्या तोंडाशी आठ-दहा बायका जेसीबीच्या पुढ्यात बसल्या होत्या. कुणाजवळ रिकामी कळशी, कुणाच्या कडेवर लेकरू. ड्रायव्हर मशीन बंद करून बाजूला उभा होता. ठेकेदाराचा सुपरवायझर फोनवर फोन लावत होता आणि कुणी उचलत नव्हतं, कारण नगरपरिषदेतले निम्मे लोक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले होते. शेवटी फोन मला लागला. योजनेच्या माहिती, शिक्षण आणि संवादाचं म्हणजे आयईसीचं काम माझ्याकडे होतं, कंत्राटी नेमणुकीवर.

मी पोचले तशी एका वयस्क मावशींनी माझा हात धरला आणि मला गल्लीत नेलं. घरांना लागून, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर चर गेलेला. तळाशी काळा पाइप, अंगावर निळ्या रेघा. मधेमधे माती लोटलेली, पण जिथे जिथे जोड तिथे खड्डा तसाच. दारातून बाहेर पडायला प्रत्येकानं आपापली फळी टाकलेली.

"ताई, पाडव्याची गुढी बघा कुठं उभारली," त्या म्हणाल्या. गुढी दाराऐवजी गच्चीवर उभारली होती. "काल ईद झाली, समोरची म्हातारी माणसं फळीवरनं धरून धरून नमाजाला नेली. परवा जयंतीची मिरवणूक ह्याच रस्त्यानं. तीन आठवडे झाले. हे बुजवा, मग पुढचं खणा."

योजनेला त्यांचा विरोध नव्हता. पाणी सहाव्या दिवशी येणाऱ्या गावात नव्या पाइपलाइनला कोण विरोध करील? त्यांचा प्रश्न एवढाच होता की पाइप टाकून झाला, तर चर का बुजवत नाहीत. योजनेची माहिती लोकांपर्यंत पोचवणं हे ज्या बाईचं काम, तिला या साध्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नव्हतं. ते शोधताना जे हाती आलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. गावाचं नाव देत नाही. मराठवाड्यातलं, एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येचं नगरपरिषदेचं गाव, एवढी ओळख पुरे.

दुपारपर्यंत काय कळलं

पाइप टाकला की चर लगेच पूर्ण भरत नाहीत. पाइपाच्या अंगावर माती लोटतात, जोड उघडे ठेवतात. मग पाइपात पाणी भरून ठरलेला दाब द्यायचा, तो टिकतो का बघायचं, एकेका जोडाशी वाकून पाझर नाही याची खात्री करायची आणि त्यानंतरच भरणी. ही जलदाब चाचणी. ती न करता बुजवलं, तर पुढे गळती शोधायला तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो. म्हणजे जोड उघडे होते यात चूक काही नव्हतं. चूक ही, की चाचणी होतच नव्हती.

ठेकेदाराच्या साइट इंजिनिअरला विचारलं. "पाणीच नाही मॅडम. मार्चमध्येच पत्र दिलंय." पत्र मागवलं. विषय होता 'चाचणीसाठी पाणी उपलब्ध करून देणेबाबत', आणि ते लिहिलं होतं प्रकल्प सल्लागार संस्थेला. तळाशी नेहमीची ओळ : 'प्रत माहितीस्तव : पाणीपुरवठा अभियंता, नगरपरिषद'. माझं टेबल आवक-जावक विभागाला लागूनच आहे. नोंदवहीतली २० मार्चपासूनची पानं मी बोट ठेवून वाचली. हे पत्र नगरपरिषदेत आलंच नव्हतं. प्रत टाइप झाली होती, पाठवली कुणीच नव्हती.

सल्लागारांनी मात्र आपलं काम केलं होतं. त्यांच्या मासिक अहवालात 'अडचणी' या रकान्यात ओळ होती : 'पाण्याअभावी चाचणी प्रलंबित'. तो अहवाल वर गेला, आढावा बैठकीत व्हिडिओ कॉन्फरन्सवर वाचलाही गेला. एप्रिल महिना, मराठवाडा, पाण्याअभावी. सगळ्यांना ते इतकं साहजिक वाटलं की किती पाणी लागतं हे कुणी विचारलंच नाही.

ते मी विचारलं, तेही मला तांत्रिक काही कळत नाही म्हणून. पाणीपुरवठा अभियंता साहेबांनी एका जुन्या पाकिटाच्या मागे हिशेब केला. ११० मिलिमीटरचा पाइप, आतला व्यास ९७ च्या आसपास. एका मीटरमध्ये सात लिटरच्या थोडं वर पाणी बसतं. गल्लीतली लांबी ३०० मीटर. म्हणजे सव्वादोन हजार लिटर. त्यांनी पेन खाली ठेवलं. आमचा टँकर पाच हजारांचा.

"अर्धा टँकर," ते म्हणाले. "मला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पाठवला असता."

शनिवारी सकाळी टँकर गेला. पाइप भरला, हवा काढली, हातपंपानं दाब चढवला. पहिल्यांदा काटा उतरला. टोकाचं झाकण नीट बसलं नव्हतं. ते आवळून पुन्हा दाब दिला, तो टिकला. या वेळेपर्यंत अर्धी गल्ली त्या काट्याभोवती जमली होती. साइट इंजिनिअर पोरगेलासा होता. त्यानं बायकांना समजावलं की हा काटा जागेवर राहिला की तुमचा जोड पक्का. तो एवढं बोलला आणि तीन आठवड्यांचा राग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. रात्री उशिरापर्यंत भरणी झाली, वर मुरूम टाकून रोलर फिरला. रविवारी, १४ एप्रिलला, मिरवणूक त्याच रस्त्यानं गेली.

मी या घटनेकडे यश म्हणून कधी बघितलं नाही. जे काम २३ मार्चला व्हायला हवं होतं, ते बायका रस्त्यावर बसल्यावर १३ एप्रिलला झालं. दोष कुठे होता तेही स्पष्ट दिसत होतं. लोकांना सांगायला आम्ही कमी पडलो ही पुढची गोष्ट. त्याआधी आम्ही एकमेकांनाच सांगत नव्हतो. पत्रकं, फलक, रिक्षावरचे भोंगे हे सगळं नंतरचं. ज्या कचेरीला स्वतःलाच ठाऊक नाही की चर का उघडा आहे, तिनं कितीही सुंदर पत्रक छापलं तरी त्यात लिहिणार काय?

शंभर रुपयांचा हिशेब

गल्लीचं प्रकरण मिटलं, पण त्या दोन दिवसांत लोकांनी विचारलेले बाकीचे प्रश्न माझ्या वहीत होते. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न : "एवढे कोटी आले, गेले कुठं?"

हा प्रश्न खोडसाळ नाही. अनुदानाचा पैसा कसा येतो हे गावाला कुणी सांगितलेलंच नसतं. आमची योजना केंद्राच्या अमृत अभियानातली, म्हणजे शहरांतल्या पाणीपुरवठ्यासारख्या सोयींसाठी अनुदान देणाऱ्या अभियानातली. ते २५ जून २०१५ ला सुरू झालं तेव्हा ५०० शहरांपुरतं होतं, आमच्यासारखी गावं त्यात नव्हती. १ ऑक्टोबर २०२१ ला अमृत २.० आलं आणि देशातली सगळी नागरी गावं त्यात आली. केंद्राचा वाटा ७६ हजार ७६० कोटी रुपयांचा. आमच्या गावाला एवढ्या मोठ्या अनुदानाची सवयच नव्हती. कचेरीलाही नव्हती.

योजनेच्या किमतीऐवजी आपण १०० रुपये धरू. एक लाखाच्या आतल्या गावात यातले ५० केंद्र देतं, उरलेले ५० राज्य आणि नगरपरिषद मिळून उभे करतात. केंद्राचे ५० एकरकमी येत नाहीत. २०, ४०, ४० टक्के असे तीन हप्ते. म्हणजे पहिल्या हप्त्यात केंद्राकडून येतात १० रुपये. पुढचा हप्ता मागायचा तर आधीचा खर्च दाखवणारं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, स्वतंत्र तपासणी संस्थेचा अहवाल लागतो, काम प्रत्यक्ष कुठवर आलं ते दाखवावं लागतं.

वर्तमानपत्रात मथळा येतो तो १०० रुपये मंजूर झाल्याचा. लोक वाचतात, १०० आले. त्यात चूक लोकांची नाही. आमच्याच प्रसिद्धीपत्रकात शब्द होता 'निधी प्राप्त'. मंजूर आणि प्राप्त यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, पण पत्रक भूमिपूजनाच्या घाईत निघालं आणि 'प्राप्त' हा शब्द जरा भारदस्त वाटला.

त्यात आणखी एक गुंता होता. केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा तेव्हा, १ जुलै २०२१ पासून, राज्याच्या एकाच नोडल म्हणजे मुख्य खात्यातून फिरत होता. खालच्या यंत्रणेचं खातं शून्य शिलकीचं असायचं, तिला खर्चाची मर्यादा मिळायची, आणि देयक निघालं की पैसे थेट वरच्या खात्यातून जायचे. एका जागरूक नागरिकानं माहिती अधिकारात विचारलं की योजनेच्या खात्यात शिल्लक किती. आम्ही उत्तर दिलं : शून्य. उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि त्यानं गावात आग लागली. दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या, की हे खातं शून्य शिलकीचंच असतं आणि आजची खर्चाची मर्यादा इतकी आहे, तर ती लागली नसती. पण विचारलं तेवढंच सांगायचं ही कचेरीची जुनी शिस्त. मला ती शिस्त समजते. चुकीचं लिहिलं तर नोकरीवर येतं, या भीतीतून ती आलेली आहे. तरीही माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ न मागता, लोकांना समजेल अशा रीतीनं आणि स्थानिक भाषेत माहिती द्या असं सांगतं. मागितल्यावरही तुटक उत्तर देणं त्या कलमाच्या हेतूत बसत नाही.

चार कागद, चार तारखा

त्या सोमवारी मी योजनेबद्दल गावात फिरत असलेलं सगळं एका टेबलावर मांडलं. कार्यारंभ आदेशात मुदत होती २४ महिन्यांची, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पर्यंत. टाकीच्या कामावरच्या फलकावर पेंटरनं लिहिलं होतं 'मार्च २०२५'. भूमिपूजनाच्या बातमीत 'वर्षभरात मुबलक पाणी'. आणि एका माजी नगरसेवकांच्या जुन्या फ्लेक्सवर 'येत्या दिवाळीत'. ही दिवाळी कोणती, ते लिहिलेलं नव्हतं.

इथे माजी नगरसेवकांबद्दल सांगायला हवं. नगरपरिषदेची मुदत संपून प्रशासक आलेले होते, निवडणुका लांबलेल्या. मुख्याधिकारी तथा प्रशासक असं पद, म्हणजे सभागृहाचे सगळे अधिकार एकाच सहीत. कामाच्या दृष्टीनं फायली भराभर हलतात हे खरं. पण नगरसेवक हा गल्ली आणि कचेरी यांच्यातला सगळ्यात जुना दुवा होता. चर तीन आठवडे उघडा राहिला असता, तर नगरसेवकाच्या दारात लोक तिसऱ्या दिवशी गेले असते आणि तो पाचव्या दिवशी अभियंत्याच्या टेबलाशी येऊन बसला असता. आमच्या आढावा बैठकांत हे कधी बोललं गेलं नाही, पण अनुदानाची सगळ्यात मोठी कामं नेमकी त्याच काळात सुरू झाली जेव्हा वॉर्डाचा आवाज कचेरीत आणणारं अधिकृत असं कुणीच नव्हतं. फ्लेक्स लावणारे माजी नगरसेवक निदान लोकांशी बोलत तरी होते. आम्ही तेवढंही करत नव्हतो.

मुख्याधिकारी साहेबांनी ते चारही कागद बघितले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फलक आधी बदला. आणि मला दर आठवड्याला एकच कागद हवा. तो मी वाचीन, तोच सगळे वाचतील."

मंगळवारचा कागद

कागद ए-फोर, एकच बाजू. दर मंगळवारी सकाळी अकराला पाणीपुरवठा अभियंता, सल्लागारांचा प्रतिनिधी, ठेकेदाराचा साइट इंजिनिअर, लेखा विभागातल्या मॅडम, स्वच्छता निरीक्षक आणि मी असे बसायचो. बैठक अर्ध्या तासाची. स्वच्छता निरीक्षक कशाला, असं पहिल्या दिवशी दोघांनी विचारलं. घंटागाड्या त्यांच्या ताब्यात होत्या आणि घंटागाडी रोज प्रत्येक दारात जाते, म्हणून.

पहिल्या बैठकीत आम्ही तारखांवर बोललोच नाही, शब्दांवर बोललो. 'मंजूर' म्हणजे कागदावर मान्यता. 'उपलब्ध' म्हणजे आज खर्च करता येईल ती मर्यादा. 'खर्च' म्हणजे मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन देयक अदा झालं ते. 'पूर्ण' हा शब्द चाचणी झाल्याशिवाय वापरायचा नाही. हे ठरवायला पाऊण तास लागला, कारण ठेकेदाराच्या लेखी पाइप जमिनीत गेला की काम पूर्ण आणि लेखा विभागाच्या लेखी देयक निघालं की पूर्ण. एकाच शब्दाचे तीन अर्थ घेऊन हीच माणसं सहा महिने आढावा बैठकांना बसत होती.

कागदावर गल्लीवार ओळी. कुठे खोदाई, कुठे पाइप, कुठे चाचणी, कुठे भरणी, आणि शेवटी एक रकाना : 'काय अडलंय आणि कुणाकडे'. या रकान्यावर सुरुवातीला फार कुरकुर झाली. नाव लिहू नका, विभाग लिहा, असं ठरलं. मला तो तोडगा पटला नव्हता, पण आज वाटतं की बरोबर होता. नाव लिहिलं असतं तर लोक अडचण लपवायला शिकले असते. तिसऱ्याच मंगळवारी साइट इंजिनिअरनं स्वतःहून लिहून आणलं : 'चाचणीसाठी पाणी, अंदाजे १,८०० लिटर, पाणीपुरवठा विभागाकडे.' त्यानं लिटर लिहिले होते. टँकर दुसऱ्या दिवशी गेला.

नानांची चावी

हा कागद कुणाकुणाला द्यायचा याच्या यादीत मुख्याधिकारी होते, जिल्हा कार्यालय होतं, पत्रकार होते. व्हॉल्व्हमन नव्हते. ते माझ्या लक्षात आलं एका पहाटे.

नाना आमच्या गावात वीस-बावीस वर्षं व्हॉल्व्ह सोडतात. खांद्यावर लोखंडी टी-चावी, सायकलच्या हँडलला टॉर्च. पहाटे साडेचारला रस्त्यातलं झाकण उचलून चावी आत घालतात, अंगाचा भार देऊन आटे मोजत फिरवतात. किती आट्यांना कुठल्या टोकाला किती दाब जातो ते त्यांच्या हाताला माहीत आहे. त्या वेळी जाग्या असलेल्या सगळ्या बायका त्यांच्याभोवती असतात. मी उभी होते त्या पंधरा मिनिटांत चार जणींनी विचारलं, "नाना, नवी लाइन कधी?" नाना प्रत्येकीला म्हणाले, "मला कोण सांगतंय बाई."

गावात पाण्याबद्दल ज्या एका माणसाच्या शब्दाला किंमत आहे, तो माणूस रोज पहाटे सगळ्या गावाला सांगत होता की मला कुणी काही सांगत नाही. याच्याशी माझी पत्रकं काय स्पर्धा करणार होती?

पुढच्या मंगळवारपासून सगळ्या व्हॉल्व्हमनना कागद मिळू लागला, मोठ्या अक्षरात, त्यांच्या त्यांच्या झोनपुरता. आणि त्यांच्याकडून कागद उलटाही येऊ लागला. जेसीबीनं जुनी लाइन कुठे फोडली हे ठेकेदाराच्या आधी नानांना कळायचं, कारण त्या गल्लीचा दाब पडायचा. पूर्वी ते मनातल्या मनात राहायचं. आता 'काय अडलंय' या रकान्यात यायला लागलं.

आचारसंहितेचे दिवस

इथे आमची स्वतःची एक मोठी चूक सांगायची आहे. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली. त्याच आठवड्यात त्या गल्लीत चर खणला गेला. आणि त्याच आठवड्यात आम्ही सगळी माहिती देणं बंद केलं. फलक कागद चिकटवून झाकले, व्हॉट्सअॅपवरचे संदेश थांबवले, घंटागाडीवरची सूचनाही काढली. कुणी विचारलं तर एकच उत्तर, आचारसंहिता आहे.

आचारसंहिता प्रचाराला आळा घालते. नवी घोषणा, नवं भूमिपूजन, नेत्यांचे फोटो, श्रेय घेणारी जाहिरात हे बंद. आधीच सुरू झालेलं काम चालू ठेवता येतं, आणि उद्या अमुक गल्लीत पाणी येणार नाही किंवा अमुक रस्ता बंद आहे ही सूचना म्हणजे प्रचार नव्हे. म्हणजे काम चालू ठेवायला परवानगी होती, ते आम्ही ठेवलं. माहिती द्यायला मनाई नव्हती, ती आम्ही बंद केली. लोकांना समोर खोदाई दिसत होती आणि बोलणारं कुणी दिसत नव्हतं.

विधानसभेच्या वेळी, १५ ऑक्टोबरला, पुन्हा आचारसंहिता लागली तेव्हा आमच्याकडे आधीच तयार मसुदा होता. नाव नाही, फोटो नाही, योजनेचं कौतुक नाही. गल्ली, तारीख, वेळ, पाणी येणार की नाही, अडचण असल्यास कुठला नंबर. तालुक्याच्या निवडणूक कार्यालयाला तो दाखवून घेतला. २० नोव्हेंबरचं मतदान होईपर्यंत घंटागाडीवरची सूचना एक दिवसही बंद पडली नाही.

मीटरबद्दल

संवादाच्या कामात सगळ्यात अवघड जागा ही होती. पेठेतल्या बायकांनी त्या शुक्रवारी हळू आवाजात विचारलेला प्रश्न : "मीटर लावणार म्हणे? लिटरावर बिल?"

ठेकेदाराच्या माणसांना सांगितलं गेलं होतं की विषय काढू नका. सल्लागारांचा मसुदा होता : 'दरवाढीचा कोणताही प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही.' वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं होतं, पण मी ते वापरायला नकार दिला. या अनुदानाच्या अटींतच सुधारणा आहेत. हिशेबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या खाली आणायचं, आणि पाणीपट्टीतून देखभालीचा खर्च भागवायचा. मीटरशिवाय यातलं पहिलं मोजता येत नाही आणि दुसरं आज ना उद्या दरापाशी येऊन थांबतं. आज 'नाही' म्हणायचं आणि दोन वर्षांनी बिल पाठवायचं, हे मला लोकांच्या तोंडावर बोलता आलं नसतं.

साहेबांशी यावर दोनदा वाद झाला. अखेर आम्ही असं लिहिलं : मीटर लागणार आहेत. दर ठरलेला नाही. दर ठरवण्याआधी जाहीर सूचना निघेल आणि हरकती घेता येतील. आज सहाव्या दिवशी पाणी भरायला जो पंप, जी टाकी, जो टँकर लागतो त्याचा खर्च तुम्ही आधीच करत आहात. हे शेवटचं वाक्य मी बचत गटांच्या बैठकीत बोलले तेव्हा एका ताईंनी तिथल्या तिथे आपला महिन्याचा टँकर आणि जारचा खर्च मोजून दाखवला. आकडा मोठा होता. तरी मीटरचा विरोध मावळला असं म्हणणार नाही. विरोध उघडपणे बोलला जाऊ लागला, एवढं झालं. मला ते पुरेसं वाटतं.

जे जमलं नाही

वॉर्डवार व्हॉट्सअॅप ग्रुप काढले. दोन महिन्यांत त्यांत शुभेच्छा, हरवलेल्या म्हशी आणि राजकारण एवढंच उरलं. मग फक्त आम्हीच लिहू शकू असे ग्रुप केले, तर लोक म्हणाले, हे पुन्हा भोंग्यासारखंच झालं. यावर चांगला उपाय मला आजही सापडलेला नाही. ज्या वॉर्डात एखादी खमकी बचत गटाची अध्यक्ष होती तिथे ग्रुप नीट चालला, बाकी ठिकाणी नाही.

आणि रस्ते. पाइपलाइनच्या किमतीत रस्ता पूर्ववत करण्याची तरतूद असते, पण ती चराच्या रुंदीपुरती. लोकांना हवा असतो अख्खा रस्ता, आणि त्याचा पैसा दुसऱ्या योजनेतून, दुसऱ्या विभागाकडून, दुसऱ्या मान्यतेनं येतो. शिवाय नळजोडण्या होईपर्यंत डांबर टाकायचं नाही, नाहीतर दर घरासाठी पुन्हा फोडावं लागेल. हे कारण आम्ही वेळेवर सांगितलं, घंटागाडीवरून सांगितलं, नानांकरवी सांगितलं. तरी पावसाळ्यात गल्लीत चिखल झाला तो झालाच. मुरूम दोनदा टाकला, दोनदा वाहून गेला. कारण समजलं म्हणून चिखलातून दुचाकी घसरायची थांबत नाही. त्या पावसात मी पेठेत जायचं टाळत होते, हेही खरं आहे.

डिसेंबरात त्या गल्लीतल्या जोडण्या झाल्या. पहिले दोन दिवस पाणी गढूळ येईल, प्यायला घेऊ नका, हे नानांनी घरोघर सांगितलं होतं. गढूळ आलं, आणि एकाही घरातून तक्रार आली नाही.

गेल्या महिन्यात त्याच मावशींचा फोन आला. डांबर कधी, एवढंच विचारायचं होतं त्यांना. मी समोरचा कागद वाचला : 'डांबरीकरण : निविदा मंजुरीसाठी, बांधकाम विभागाकडे. तारीख ठरलेली नाही.' जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"ठरलेली नाही," त्या म्हणाल्या. "बरं. पुढच्या मंगळवारी परत विचारते."